दहा बायांतल्या साडेतीन

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, तुम्हाला सांगते, डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसत पुसत तो आकडा तोंडातून काढला आणि तेव्हापासून माझं डोकं जे बधिर झालंय ते मूल आठ महिन्यांचं झालं तरी ताळ्यावर नाही... "हे बघा, टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे खात्रीचं काम नाही, आमच्याकडे यश पस्तीस टक्के." आता मी सातवी शिकलेली, शंभरात पस्तीस म्हणजे पास. बाहेर येऊन सासूबाईंना फोन केला, "पस्तीस मिळाले." त्या म्हणाल्या, "काठावर का होईना, सुटलीस बाई."

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं, माझी लिफ्ट शंभरात पस्तीस वेळाच वर गेली तर लोक मला त्याच खड्ड्यात पुरतील." इंजेक्शनं सुरू व्हायच्या आदल्या दिवशी असं कुणी बोलतं का बायकोला?

तर बाकावर आम्ही दहा जणी. एकाच आठवड्यात सुरुवात केलेल्या, रोज पोटात सुई, रोज तोच बाक. माझ्या शेजारी एक शिंपीण, मापात पक्की, तिनं हिशेब मांडला, "दहात साडेतीन. तिघी पास आणि एक अर्धी." मग काय, सगळ्या एकमेकींकडे बघतोय, अर्धी कोण... एक शाळामास्तरीण होती, ती घाबरून विचारते, "अर्धी म्हणजे कसं हो?" शिंपीण म्हणते, "काय माहीत, अर्ध्या मापाचं गिऱ्हाईक मला अजून आलेलं नाही." इतक्या हसलो की नर्स दारातून म्हणाली, "पोटं सांभाळा, महागाची आहेत." शिंपिणीनं तिथंच मऊ कापडाची झबली शिवायला घेतली. चार. म्हटलं, तीन पुरे की. तर म्हणे, "अर्धीला उघडं ठेवायचं का?"

गर्भ पोटात सोडल्यावर दोन आठवड्यांनी रक्ताचे रिपोर्ट आले. सहा जणींचे 'नाही' असे आले. मास्तरीण पिशवी उचलून गेली, छत्री तिथंच राहिली, आम्हीही हाक मारली नाही... काय म्हणून मारायची? चौघींचे 'आहे' असे आले, त्यात मी आणि शिंपीण. काउंटरवरच्या मुलीनं भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं, या महिन्याचं यश चाळीस टक्के. म्हणजे पस्तिसाच्या वर, सगळे काठ सोडून पास.

सातव्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी. शिंपिणीच्या बाळाचा ठोका मागच्या सोमवारी ऐकू आला होता. या सोमवारी नाही आला. ती बाहेर आली, बाकावर बसली, सुईत दोरा ओवला, माझ्या झबल्याचं राहिलेलं बटण लावलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "अर्धी सापडली गं."

मी काउंटरवर गेले. म्हटलं, "ताई, तो चाळीसचा आकडा खाली करा." ती म्हणाली, "तो रिपोर्टचा असतो, मॅडम. रिपोर्ट 'आहे' असा आला म्हणजे यश आलं." म्हणजे बघा, घरी पाळणा नाही, आणि फळ्यावर बाई पास.

आता माझं बाळ झोपलं की मी दर दहा मिनिटांनी त्याच्या नाकापुढे बोट धरते. हे म्हणतात, "झोपू दे त्याला, चालू आहे ते." लिफ्टवाल्याचा जीव, त्याला चालू आणि बंद एवढंच कळतं. शिंपिणीला मी फोन करत नाही. तीही करत नाही. काय सांगू तिला, पास झाले म्हणून?

तर तुमची कुणी बहीण, जाऊ, शेजारीण तसल्या बाकावर बसायला निघाली असेल तर तिला एवढं सांगा, आकडा कानावर आला की विचार, रिपोर्टचा आहे की मांडीवरच्या बाळाचा. आणि ती शिंपीण कुठं भेटली तर म्हणावं, झबलं बगलेत दाटतंय, मोठं माप घ्यायला ये. बाकी काही बोलू नका. येईल का ती... पस्तीस टक्के येईल. मी सातवी शिकलेली, पस्तीसला पासच धरते.