रघुपतीच्या वल्ह्याचं माप

हॅलो?… हां, सत्यवती बोलतेय. कोण, विमला? अगं, मावशीला फोनवर नमस्कार कसले करतेस! वल्हं झालं का ते सांग.

…परत माप? परवा दोऱ्याला गाठ मारून पाठवलं नव्हतं? तुमच्या टेपेवरचे आकडे मला कळत नाहीत, पण माझी गाठ चुकत नाही.

…हो, हो… अगं ऐक ना! उंचीच मोजली. डोक्यापासून… खाली जिथवर आहे तिथवर. दोन्ही पाय लढाईत ठेवून आलाय माझा रघू. आखूड माणसाला आखूड वल्हं नको?

…काय म्हणाले तुमचे होडीवाले अरविंदराव?… बसून?… हलसूरच्या तळ्यावर सगळ्यांचंच बसून घेतात?… बैठकीपासून नाकापर्यंत दांडा, पातं त्याच्याखाली… आणि पाय?… मोजतच नाहीत?

 

…म्हणजे लढाईआधी होतं तेच माप? अय्यो देवा… पण ते आता कुणाला आठवतंय?

…नाही, ऐकू जायचं नाही त्याला. आतल्या खोलीत आहे, दार लोटलंय. वल्ह्याचं सांगितलंच नाही मी. झोपेत घेतलं माप, तर जागा झाला. म्हणाला, "आई, तिरडीचं माप घेतेस का?"

…रडू नकोस. मी रडले का? दोरा कमरेला खोचला अन् चुलीकडे गेले. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. स्वल्प, थोडंसं तरी जेव म्हटलं की ताट सरकवतो.

…मी विचारू त्याला, होडीत येतोस का म्हणून? अरविंदराव मागे बसतील, ते ठीक. पण तो नको म्हणाला तर, विमले?… तर मग काय करू मी?

…सरी, विचारते. थांब, ठेवू नकोस. दार उघडते.

रघू!… रघू, उठून बस बाबा. माप घ्यायचंय… ते नव्हे रे! वल्ह्याचं. अरविंदराव तळ्यावर नेतो म्हणतायत… हो, होडीतच. मग काय बैलगाडीत वल्हं लागतं?

…हॅलो, आहेस ना? थांब. हातांवर जोर देतोय… नाही, मी नाही जात धरायला. चिडतो… बसला. विमले, आपला आपण बसला.

…काय रे?… अगं, विचारतोय, नाकापर्यंत की हनुवटीपर्यंत?

…नाक, रघू. मान ताठ ठेव.

…माझ्या आवाजाला काय झालंय? तारेतच खरखर आहे. ठेव आता. दोरा धरायला दोन्ही हात लागतात.