धातूच्या वस्तू काढून द्याव्यात

लॉन्ड्रीवाली : पिशवी इथं नका उघडू, मिस्त्रीकाका. आधी बसा.

मिस्त्री : बसायला वेळ नाही. मेहुणी घरी येऊन थांबलीय. बहिणीनं अर्धवट टाकलेली बाही आज ती विणायला घेणार आहे.

लॉन्ड्रीवाली : तेच सांगायचंय. स्वेटर धुताना उसवला.

मिस्त्री : किती?

लॉन्ड्रीवाली : डावी बाही गेली. पार खांद्यापर्यंत.

मिस्त्री : डावी?

लॉन्ड्रीवाली : उजवी धड आहे. पाठ, गळा, सगळं धड आहे. औषधाचा डागसुद्धा निघाला, बघा.

मिस्त्री : डाग निघाला. वा.

लॉन्ड्रीवाली : काका…

मिस्त्री : उजवी आमच्या हिनं घरी विणली. टीव्ही बघत, मला टोमणे मारत. डावी दवाखान्यात विणली, शेवटच्या अकरा दिवसांत. हाताला सलाईन, तरी सुया चालूच. नर्स म्हणाली, आजी, आता पडा जरा. तर ही तिलाच सांगते, आमच्या माणसाचे हात माकडासारखे लांब आहेत, बाजारचा स्वेटर कोपरातच संपतो. ही बाही मनगटाला चार बोटं कमी राहिली होती.

लॉन्ड्रीवाली : एक विचारू? विणकाम अर्धवट होतं, तर त्यावर सुया असतील ना?

मिस्त्री : होत्या. मी काढल्या.

लॉन्ड्रीवाली : काढल्या? कधी?

मिस्त्री : सही करताना, या काउंटरवरच. तू म्हणालीस, नीट वाचून सही करा. मी चष्मा लावून वाचलं. खराबीला दुकान जबाबदार नाही. पुढं लिहिलंय, धातूच्या वस्तू काढून द्याव्यात. सुया स्टीलच्या. काढल्या, खिशात घातल्या.

लॉन्ड्रीवाली : अहो, सुईवरच टाके अडकलेले असतात. ती काढली की मोकळे होतात. नुसता एक दोरा ओवून ठेवला असता तरी…

मिस्त्री : मला काय ठाऊक? चाळीस वर्षं तिच्या शेजारी बसलो, सुई काय करते ते कधी विचारलं नाही. तुला ठाऊक होतं ना?

लॉन्ड्रीवाली : मी विणते. ठाऊक होतं.

मिस्त्री : मग?

लॉन्ड्रीवाली : तुम्ही सुया काढल्या तेव्हा मी पावती फाडत होते. नंतर पिशवीत डोकावले नाही. सही झाली की आम्ही बघत बसत नाही, काका.

मिस्त्री : म्हणजे सही त्यासाठीच घेता. बघायला लागू नये म्हणून.

लॉन्ड्रीवाली : असं कसं बोलता?

मिस्त्री : या दुकानाची फरशी मी बसवली. तुझे वडील होते तेव्हा. त्या दाराजवळची एक पोकळ वाजत होती. कुणाला कळलं नसतं. मी ती उखडून पुन्हा बसवली. त्यांच्याकडून कसला कागद लिहून घेतला नव्हता.

लॉन्ड्रीवाली : मी बाही विणून देते. पैसे नकोत. लोकर सगळी आहे, गुंता झालाय तेवढा सोडवते.

मिस्त्री : तू विणशील, मेहुणीही विणेल. दोघींचा हात चांगला आहे. नवी बाही होईल, थंडीपुरतं भागेलही. तिची होती ती गेली, आणि काढून टाकणारा मी. ते तुझ्या कागदात कुठं बसत नाही.

लॉन्ड्रीवाली : गुंता ठेवून जाता का?

मिस्त्री : नको. पिशवीत घाल. जसा आहे तसा.

(ती पिशवी बांधते आणि पावतीपुस्तक पुढे सरकवते.)

लॉन्ड्रीवाली : राग मानू नका. इथं एक सही लागते. कपडा मिळाल्याची.

मिस्त्री : काय छापलंय? चष्मा आणला नाही आज.

लॉन्ड्रीवाली : कपडा पूर्ण व सुस्थितीत मिळाला.

मिस्त्री : ते खोड.

लॉन्ड्रीवाली : खोडलं. काय लिहू?

मिस्त्री : स्वेटर एक. डावी बाही विणायची राहिली आहे.