हयातीचा दाखला

पेन्शनीसाठी हयातीचा दाखला काढायला बँकेत रांग लागली होती. अंजनाच्या पुढं आक्काताई आणि तिची शेजारीण रत्नमाला. काचेपलीकडच्या कारकुनानं आक्काताईच्या अंगठ्यासाठी तिसऱ्यांदा मशीन पुसलं.

“आजी, अंगठा उमटत नाही. हाताला काय लावलंय?”

“हाताला न्हाय ओ, तोंडाला. साखर आन् लिंबू. सुरकुत्या जात्यात.”

“दोन महिनं झालं साहेब, ही सकाळ-संध्याकाळ घासतीया. सुरकुत्या हाईत तिथंच हाईत, अंगठ्याच्या रेघा तेवढ्या गेल्या.”

“तू गप गं, रत्ना. तुझं तोंड बघ, वाळल्या दोडक्यागत झालंय.”

“भांडू नका. चेहऱ्यानं करूया. इकडं बघा, डोळे मिटा, उघडा.”

“उघडलं की.”

“चेहरापण जुळत नाही.”

“काय म्हटलासा?”

“आधारवरच्या फोटोशी चेहरा जुळत नाही. मशीन म्हणतंय, ही बाई ती नव्हे.”

“ऐकलंस काय, रत्ना?”

“अगं, दाखला न्हाय तर पेन्शन बंद. सरकारच्या कागदावर मेलीस तू.”

“असू दे. फरक पडलाय का न्हाय, तेवढं सांग.”

रत्नमालेनं तोंड फिरवलं. अंजनानं मागनं आक्काताईच्या खांद्याला हळूच हात लावला.

“मावशी, साखर बारीक घ्यायची का जाडी?”