एक बोट कुंकू

...आणि नारळ थेट ह्यांच्या कपाळावर! पूजेचा नारळ हो, देवापुढे फुटायचा तो आमच्या दिनानाथांवर फुटला, तीन टाके पडले, आणि कशामुळे? तर मी एक बोट कुंकू लावलं म्हणून! तुम्हाला सांगते, एक बोट!

फेकला कोणी? आमच्या जाईने! मुंगी न मारणारी पोर! संशोधन करते ना... सिलिकॉनचे पुंजके, डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत एवढे बारीक, प्रत्येकाच्या एका अंगाला अधिक वीज, दुसऱ्या अंगाला उणे... आमचे हे कसे, बाहेर गोड, घरात कडू, तसं... मग ह्याचं अधिक त्याच्या उण्याला चिकटतं, त्याची माळ होते, आणि माळांमधून म्हणे नवा पदार्थ घडवायचा. आठ महिन्यांच्या माळा नखाएवढ्या चकतीवर, चकती डबीत, डबी आमच्या खारघरच्या घरात! कारण दसऱ्याला लॅब बंद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुसऱ्या संस्थेत मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली न्यायची होती.

आता शस्त्रपूजेला ह्यांच्या स्कूटरला कुंकू, माझ्या शिलाई मशीनला कुंकू, विळीला, मिक्सरला कुंकू, आणि पोरीच्याच कामाला नको? डबी उघडली, चकतीवर टेकवलं... एक बोट हो!

"आई, खून केलास तू!"

"अगं, पुसून देते की," म्हटलं, आणि पुसलं पदराने... झालं! ताट टीव्हीवर! मिक्सर भिंतीवर! झेंडूचं तोरण उपटून फ्रिजला सपासप! हे मध्ये पडले, "शांत हो गं, परत कर की," म्हणाले मात्र, नारळ आलाच! खालच्या शेवंताबाई धावत वर आल्या, "मीनाताय, कोन कोनाला मारतंय गो? आमचा पंखा हलतो हाय!" त्यांच्या पायाशी समईच आपटली!

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकात काय दिसावं? माझ्या पदराचा धागा. दोरखंडाएवढा! बाकी सगळं सपाट. पुन्हा पहिल्यापासून आठ महिने... एका बोटाचे!

यंदा दसऱ्याला पूजा जाईनेच मांडली. विळी नाही, मशीन नाही, नुसता एक पाट. म्हटलं, "अगं, शस्त्रं कुठायत?"

"बस पाटावर," म्हणाली. "घरातलं सगळ्यात घातक शस्त्र तूच आहेस."

बसले. काय करता! आणि कपाळाला लावलंन पोरीने... एक बोट.