संध्याकाळी ताप येईल

अफवांवर संशोधन करणारी एक मुलगी लसीकरणाच्या खोलीबाहेर प्रश्नावली घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावरच्या सासूसुनेला प्रश्न विचारायला ती वळली आणि त्यांचं बोलणं ऐकून थांबली.

“आई, फोनवर काय आलंय वाचा. मला नाही टोचायचं बाळाला. चला घरी.”

“अगं, तुझ्या नवऱ्याच्या वेळीही हेच. पोरं लुळी पडतात म्हणे!”

“मग तुम्ही कशा तयार झालात?” सुनेने विचारलं.

“नर्सबाईंमुळे. सायकलवरून यायच्या, पायरीवर टेकायच्या.”

“समजूत घालायच्या?”

“छे! म्हणाल्या, संध्याकाळी ताप येईल, मांडीला गाठ येईल, पोर रडून घर डोक्यावर घेईल. तिसऱ्या दिवशी खेळेल.”

“आणि?”

“अगदी तस्संच झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात हजर. ‘काय, आला ना ताप?’ तेव्हापासून त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही. त्या सायकलची घंटा अजून कानात आहे बघ.”

आतून नंबर पुकारला गेला. सून उठली, पण दारातच थबकली.

“सिस्टर, ताप येईल का हो?”

“येईल की. आज संध्याकाळीच.”

सुनेने फोन सासूकडे दिला आणि बाळाचं दुपटं सोडलं.