बारा मिलिमीटर

—अहो, बसा हो फ्राउ तुनजेल, आणि हा चीज भरलेल्या बोरेकचा डबा कशाला आणलात, तेही बँडेजच्या हातानं? दोन बोटांची पेरं गेली आणि तुम्ही तीन जिने चढून विचारायला आलात, चूक माझी होती का म्हणून! हे बघा, पत्रा दाबायच्या त्या प्रेससमोर तो उजेडाचा पडदा आहे ना — त्यात हात गेला की ‘थांब’ असा निरोप निघतो, तारेनं, निरोप पुढं धाडणाऱ्या पाच पेट्या ओलांडतो आणि प्रेस थांबतो. त्या निरोपाला जास्तीत जास्त किती उशीर होईल ते काढायचं, हेच माझं काम, एकवीस वर्षं. सरासरी नाही हां, सरासरी कुणीही काढेल — सगळ्यात वाईट वेळी किती! अठरा मिलिसेकंद. त्यावरून पडदा किती लांब लावायचा ते ठरतं, कारण हात सेकंदाला दोन मीटर धावतो असं आम्ही धरतो. तेव्हा यंत्रणा चोख होती. तुम्ही घाई केलीत.

—रडू नका हो. घाई म्हणजे... तुम्ही कशाला घाई कराल, इतकी वर्षं त्याच प्रेसवर! खरं तर तो कॅमेरा. पत्र्यावरचे ओरखडे बघायला मागच्या वर्षी बसवला ना, त्याची चित्रं त्याच तारेवरून जातात. मी म्हटलं, जाऊ देत, निरोपाचा मान पहिला, चित्रं थांबतील मागं. थांबतात का? थांबतात! पण चित्राचा जो तुकडा आधीच तारेत शिरलाय त्याला मधेच कोण ओढणार? अरुंद पुलावर ट्रॅक्टर चढला की ॲम्ब्युलन्सलाही थांबावंच लागतं. हे मी पोरांना शिकवतो — आणि स्वतः विसरलो, गाढव! दर पेटीत सव्वा मिलिसेकंद, पाच पेट्या, म्हणजे सहा वाढले. तेवढ्यात हात बारा मिलिमीटर पुढं जातो. पडदा तेवढा जवळ लागलाय.

—कुणाला सांगू? अहवाल आज सकाळीच गेला. ‘उशीर मर्यादेत, कामगाराचा निष्काळजीपणा.’ खाली माझी सही, ब्रोकमन. गुरुवारी चौकशीत तुमच्यासमोरच वाचतील. मागे घेऊ? मग खालचे आठ प्रेस बंद करायला लागतील, माझ्याच हिशेबावर चाललेत — आत्ता ऐकू येतायत ना, तेच. नाही हो, नाही होणार माझ्यानं. हिंमतच नाही, खरंच सांगतो.

—बँडेज कशाला सोडताय? माझ्या टेबलावरची ती फूटपट्टी ठेवा खाली. ठेवा म्हणतो ना! मोजायला नको, बोट किती गेलं ते दिसतंय मला.

जा तुम्ही आता. डबा घेऊन जा, आणि दार लावा.