हात लागला की सांगा

सुप्रभा : म्हणजे तीन वर्षं नुसते पाय शिकलीस, आणि सख्ख्या आजोबांचं एक कुरूप काढता येत नाही तुला?

ईरा : येतं, आजी. काढायचं नाही. अलाउड नाही. माझी क्लिनिकमधली लास्ट प्लेसमेंट बाकी आहे, परीक्षा बाकी आहे. मग डिग्री, मग रजिस्टरवर नाव. तोपर्यंत सुपरवायझर मागे उभी नसेल तर मी ब्लेड उचलायचंच नाही.

शशी : घरात कोण बघतंय? पडदा ओढून घे.

ईरा : आजोबा, प्लीज.

सुप्रभा : आणि मी तोंड कुठे लपवू? मंडळाच्या ग्रुपवर टाकून बसलेय, शनिवारी रामनवमीच्या कीर्तनानंतर आमची पोडायट्रिस्ट नात सगळ्यांचे पाय बघेल. मंजिरीताईंनी नेलपॉलिशसुद्धा काढून ठेवलंय.

ईरा : पोडायट्रिस्ट लिहिलंस?

सुप्रभा : पुढे फुलं पण टाकली.

ईरा : रजिस्टरवर नसताना तो वर्ड वापरणं गुन्हा आहे, आजी. खरंच, कायद्यानं. आणि रजिस्टर करताना माझं कॅरेक्टर विचारतात. काय सांगू, आजीनं फुलं टाकली होती?

सुप्रभा : करते बाई डिलीट. या लेस्टरमध्ये नातीचं कौतुक करायलाही लायसन लागतं, हे माहीत नव्हतं मला.

शशी : अगं, तुमचं भांडण बाजूला ठेवा. मला शनिवारी दोन तास उभं राहायचंय, अनवाणी. नारदाच्या गादीवर बूट घालून चढत नाहीत. मला काही दुखत नाही, पण मोजा खराब होतो म्हणून हिची कटकट.

ईरा : खराब म्हणजे?

सुप्रभा : पिवळट डाग. दोनदा भिजत घातले, जात नाहीत.

ईरा : कुरूपाला काय लावलं होतं, आजोबा?

शशी : केमिस्टकडची पट्टी. कॉर्न प्लास्टर.

ईरा : त्यात अ‍ॅसिड असतं. तुमच्यासारखा डायबेटिस असेल तर वापरायची नाही, पाकिटावरच लिहिलंय.

शशी : अक्षर बारीक होतं. आणि दुखलं असतं तर काढून टाकली नसती का?

ईरा : तुम्ही फूट क्लिनिकला का जात नाही? किती वेळा सांगितलं.

सुप्रभा : मी सांगते. तिथली बाई म्हणेल अनवाणी उभे राहू नका. नात म्हणणार नाही, असा हिशोब आहे यांचा.

शशी : तू गप्प बस गं.

ईरा : आजोबा, तुम्ही कीर्तन शिकलात तेव्हा पहिल्या दिवशी गादीवर उभे राहिलात?

शशी : छे. बुवांच्या मागे झांज धरून उभा असायचो, कित्येक वर्षं. एकदा त्यांचा घसा बसला. म्हटलं, उत्तररंग मी करतो, कथा मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. नुसतं बघितलं माझ्याकडे. घोगऱ्या आवाजात स्वतःच उभे राहिले.

ईरा : पाठ होती तरी?

शशी : तरी.

ईरा : मग?

शशी : ...वकील व्हायचं होतंस तू.

ईरा : मोजा काढा. बघायला लायसन लागत नाही.

सुप्रभा : अगंबाई. हे कुरूप नाही, हे भोक पडलंय.

ईरा : हात नको लावू. मी स्वच्छ पट्टीने झाकते फक्त. आजोबा, आता डोळे मिटा. बोटांना हात लागला की सांगा, उजवा का डावा. हे घरचं माणूस कोणीपण करू शकतं.

शशी : मिटले.

सुप्रभा : अहो, झोपू नका.

शशी : झोपत नाही. वाट बघतोय. लाव ना, ईरा. कुठे गेलीस?

ईरा : इथेच आहे.

शशी : मग कर सुरू.

ईरा : झालं, आजोबा.

शशी : काय झालं?

ईरा : लावला. दोन्ही पायांना.

शशी : चेष्टा करतेस म्हाताऱ्याची.

सुप्रभा : नाही हो. मी बघत होते. अंगठ्यावर बोट होतं तिचं.

ईरा : उद्या सकाळी क्लिनिक. मी आता फोन करते, अशी जखम असली की ते ताटकळत ठेवत नाहीत. आणि शनिवारी खुर्ची.

शशी : रामजन्माला सगळा हॉल उभा राहणार आणि कीर्तनकार बसलेला?

सुप्रभा : बसलेला. आपली जेवणाच्या टेबलाची खुर्ची नेऊ, वर माझी शाल घालीन. रामाला तुमचा आवाज हवाय, पाय नकोत.

ईरा : आजोबा? रागावलात?

शशी : नाही गं. परत एकदा लाव हात. या वेळी डोळे उघडे ठेवतो.